आधी फोनो प्रीअँप बघा, पिन नंतर

एकानं विचारलंय की जुना टर्नटेबल ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्स इनपुटला लावला तर आवाज चिरका नि एकदम बारीक येतोय, अहो येणारच, लगेच पिन बदलायला पळू नका. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (पिन बसवलेला डबीसारखा भाग) जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात, त्यात रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल वाढवलेला असतो (नाहीतर खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला वीसेक मिनिटं बसायचीच नाहीत), ते परत सरळ करायचं आणि आवाज वाढवायचं काम जुन्या अँपचं फोनो इनपुट गुपचूप करायचं. स्पीकरचं ऑक्स ते करत नाही, म्हणून मधे तेच काम करणारा छोटा डबा, म्हणजे फोनो प्रीअँप, लागतो. सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर गोष्ट वेगळी.

बाकी विनाइलचं एवढं कौतुक चाललंय, पण आमच्या सांगलीकडं खरा जीव कॅसेट डेकवर. मिरजेला दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं, ते गाणं माझे काका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर घ्यायचे आणि बरोब्बर ४५ मिनिटांनी, ऐन तान रंगात आली की खटॅक, बाजू संपली! त्या कॅसेट अजून वाजतात. डेकच्या हेडवर (टेप वाचणारा भाग) स्पिरिटचा कापूस फिरवला की तपकिरी काजळी निघते, तरी आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवायचा, तंबोऱ्याची जवारी उघडल्यासारखा ट्रेबल खुलतो. मात्र स्क्रू कुठं होता त्याची खूण आधी करून ठेवा, आणि स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटवाला नको.