शब्दचर्चा: 'राखीव किंमत' नेमकी कोणती, आणि 'चौदा बोली' म्हणजे किती जण?

मानकुराद
बँकेच्या ई-लिलावाच्या जाहिरातीत 'राखीव किंमत' असते, कुठे 'आरक्षित किंमत'. जुन्या वस्तू विकणाऱ्या परदेशी साइटवर 'रिझर्व्ह प्राइस' असते, तिचंही मराठी कोणी 'राखीव किंमत'च करतं. अर्थ एकच का? शिवाय 'राखीव' म्हटलं की काहींना ती बाजूला काढून ठेवायची रक्कम वाटते, म्हणजे अनामत. दुसरी अडचण अशी की पानावरच्या '१४ बिड्स'चं '१४ बोली' केलं तर वाचणारा चौदा माणसं धरून चालतो. 'बोल्या' लिहावं का?

वळेसर
अर्थ एक नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बँकेची राखीव किंमत उघड असते. जाहिरातीत आकडा छापलेला असतो आणि त्याच्या खालची बोली संगणक घेतच नाही. ईबेसारख्या साइटवर विकणाऱ्याने ठरवलेली राखीव किंमत झाकलेली असते. बोली तिच्या बऱ्याच खालून सुरू होते आणि पानावर फक्त 'राखीव किंमत अजून गाठलेली नाही' एवढंच दिसतं. वेळ संपेपर्यंत ती गाठली गेली नाही, तर सगळ्यात वरच्या बोलीलाही वस्तू देण्याचं बंधन विकणाऱ्यावर नसतं.

म्हणजे एक उंबरठा आणि दुसरी झाकली मूठ. उघड असलेलीला 'हातची किंमत' हा शब्द तयारच आहे. महाराष्ट्रात वाळूच्या लिलावात तो वापरतात, इंग्रजीतल्या 'अपसेट प्राइस'साठी. झाकलेलीला मी 'झाकली किंमत' म्हणेन. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये 'रिझर्व्हड' आणि 'अपसेट' हे दोन शब्द 'किंवा' घालून एकाच दमात आले आहेत, त्यामुळे कायद्याच्या भाषांतरात फरक उमटत नाही. आपण तो उमटवला तर बिघडत नाही.

खाजन
गोव्यात आधी 'पावणी', म्हणजे तोंडी लिलाव, आठवायला हवी. जत्रेतल्या दुकानांच्या जागा, बाजारातल्या सोपोच्या (विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जागेच्या पट्टीच्या) वसुलीचं कंत्राट, खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या बांधाला असलेल्या मानशीवर (पाण्याच्या दारावर) मासळी धरण्याचा हक्क, या सगळ्याची पावणीच होते. 'लिलाव' हा पोर्तुगीज 'लेलांव'वरून मराठीत आलेला शब्द. आपल्याकडे चर्चच्या फेस्ताला तो अजून मूळ रूपात ऐकू येतो. पावणीत सगळं तोंडावर चालतं, झाकली किंमत तिथे बसत नाही.

'बोल्या'बद्दल. बोलताना म्हणतात, चूक म्हणणार नाही. पण छापील मराठीत 'बोली'चं अनेकवचनही 'बोली'च चालतं: 'मराठीच्या बोली', 'दोन बोली आल्या'. एकवचन की अनेकवचन हे क्रियापद सांगतं. किती माणसं, हे मात्र दोन्ही रूपं सांगत नाहीत. त्यामुळे '१४ वेळा बोली, ५ बोलीदार' असंच लिहावं. लांब होतं, होऊ दे.

('या बोलीवर देतो' मधली बोली, म्हणजे अट, तीही इथलीच. लिलावातली बोली हीसुद्धा एका अर्थी दिलेला शब्दच.)

पोदेर
चौदा बोली आणि पाच माणसं असं कसं होतं, ते आकड्यांनी पाहू. वस्तू: पोर्तुगीज इंडियाचा १९३५ चा चांदीचा रुपिया. सुरुवात १० डॉलर, झाकली किंमत ६०. ईबेवर आपण चालू बोली टाकत नाही, आपली कमाल बोली टाकतो. पुढे यंत्र आपल्या वतीने लागेल तेवढंच चढवतं. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात चढ, म्हणजे दर वेळची किमान वाढ, १ डॉलरचा.

अ ने कमाल ३० टाकली. पानावर १० च दिसतात.
ब ने ४५ टाकली. भाव ३१ होतो, ब पुढे. राखीव गाठलेली नाही.
क ने ८० टाकली. ४५ वर एक चढ म्हणजे ४६, पण क ची कमाल झाकल्या किमतीच्या वर आहे, म्हणून भाव थेट ६० वर उडी मारतो आणि 'राखीव किंमत गाठली' असं दिसतं.
ब परत येतो, ७० टाकतो. भाव ७१, पुढे क च.

बोली चार, माणसं तीन. ३१ वरून ६० ची उडी बघून नवख्याला कोणी बनावट बोली लावली असं वाटतं. तसं नसतं, ती झाकल्या किमतीची उडी.

मानकुराद
आणि क ने घाबरून स्वतःची कमाल ८० ची १०० केली तर? स्वतःविरुद्धच बोली लागते का?

पोदेर
नाही. भाव ७१ वरच राहतो, कारण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून ठरते. झाकली किंमत गाठलेली नसताना आपली कमाल वाढवली, तर मात्र भाव हलू शकतो. नवी कमाल त्या किमतीच्या वर गेली की ६० वर उडी मारलीच. दोघांनी एकच कमाल टाकली तर आधी टाकणारा पुढे.

यंत्र आपल्या वतीने लावतं त्या 'प्रॉक्सी बिड'ला 'मुखत्यार बोली' शोभेल. पण ग्राहकाला टाकायचा आकडा असतो, म्हणून 'कमाल बोली' जास्त कामाची. 'स्वयंचलित बोली' नको, त्यातून यंत्र आपल्या मनाने चढवतं असा भास होतो.

वळेसर
बँकेकडे हे दुसऱ्याची बोली अधिक एक चढ असं गणित लागू होत नाही, हे ठळक लिहा. तिथे जो आकडा टाकाल तो तुमचा. काही पोर्टलवर ऑटो बिडची सोय असते, पण ती निवडावी लागते.

उदाहरण घेऊ. म्हापशातला फ्लॅट, हातची किंमत ४२,००,०००. इसारा अनामत १० टक्के, म्हणजे ४,२०,०००. चढ २५,००० चा. चौदा चढांनी भाव ४५,५०,००० वर जातो. वरच्या बोलीदाराने त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के, म्हणजे ११,३७,५०० भरायचे असतात. त्यात अनामत धरली जाते, म्हणून प्रत्यक्षात ७,१७,५००. उरलेले ३४,१२,५०० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. चुकलात तर भरलेलं जप्त आणि मालमत्ता पुन्हा लिलावात. ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा, ते बहुतेक विसरतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, जादा शून्य. ४५,५०,००० ऐवजी ४,५५,००,००० टाकलं की परत घेता येत नाही, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. 'हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते' हे कलम ६४ मधलं आहे, पण ते मालाच्या विक्रीचं आहे, घरजागेचं नाही. टाकण्याआधी आकडा अक्षरांत वाचून घ्यावा. दुसरी, शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारायची सवय. ईबेवर वेळ ठरलेली असते, तिथे ती चालते. बँकेच्या लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की बहुधा आणखी पाच मिनिटं वाढतात, आणि पुन्हा पुन्हा वाढतात. तिथे सेकंद मोजून काही हाती लागत नाही.

खाजन
तिसरा अर्थही नोंदवा, गोव्यात तो रोजच्या बातम्यांत येतो. इथल्या खाणपट्ट्यांचा लिलाव २०२२ पासून होतोय, तिथे बोली रुपयांत नसते. पाठवलेल्या खनिजाच्या मूल्याचे किती टक्के सरकारला देणार, ती बोली. २०१५ च्या नियमांप्रमाणे सरकार राखीव किंमत टक्क्यांत जाहीर करतं. पहिल्या फेरीत प्रत्येकाची बंद बोली येते. पात्र बोलीदारांतली सर्वात वरची बोली दुसऱ्या फेरीसाठी पायाची किंमत होते. दुसऱ्या फेरीला वरचे निम्मे किंवा पाच, जो आकडा मोठा असेल तेवढेच जातात. म्हणजे एकाच लिलावात आधी 'राखीव' आणि मग 'पायाची' किंमत. बातमीत दोन्हींना 'मूळ किंमत' म्हटलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मानकुराद
'बनावट बोली'ला दुसरा शब्द?

वळेसर
तोच ठेवा. विकणाऱ्याने न कळवता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी भाव चढवायला लावलेली बोली, एवढा अर्थ पुरतो. कलम ६४ प्रमाणे अशा वेळी खरेदीदाराला सौदा मोडता येतो. बोलीदारांनी आपसांत ठरवून भाव दाबला तर ते 'संगनमत', त्याला 'बनावट बोली' म्हणू नये.

मानकुराद
मग बँकेच्या जाहिरातीतली ओळ अशी करतो: 'हातची किंमत: ₹ ४२,००,०००. बोली या रकमेपासून सुरू. चढ ₹ २५,०००.'

वळेसर
'पासून' नको. सरफेसीखालच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या कायद्याखालच्या) २००२ च्या नियमांत, राखीव किमतीहून जास्त भाव आला नाही तर बँकेसोबत कर्जदाराचीही संमती लागते. त्यामुळे बऱ्याच बँका पहिली बोली एक चढ वरूनच घेतात. मूळ इंग्रजी जाहिरात बघा, 'अबव्ह' असेल तर लिहा: 'पहिली बोली किमान ₹ ४२,२५,०००.'