ऋग्वेदात प्रकाशाचा वेग आहे, असं मुलांना सांगावं का?

शिक्षिका, फोंडा
परवा शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी मुलांना सांगितलं की ऋग्वेदात प्रकाशाचा वेग दिलेला आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, मग तो मोजला कसा?" मला उत्तर देता आलं नाही. ऋग्वेदाच्या त्या सूर्यसूक्तात (१.५०) आकडाच नाही. 'अर्ध्या निमिषात २,२०२ योजने' हे वचन सायणाचार्यांनी चौदाव्या शतकात भाष्यात घेतलं, तेही सूर्याला उद्देशून. आणि योजन हे अंतराचं जुनं माप म्हणजे किती? आर्यभट पृथ्वीचा व्यास १,०५० योजने देतो, सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ १,६००. म्हणजे योजनच दीडपट बदललं. आधी उत्तर ठरवून मग सोयीचं माप निवडायचं, असं गणित मी मुलांच्या वहीत खोडते.

संस्कृतप्रेमी, म्हापसा
प्रकाशाच्या वेगाचा माझाही आग्रह नाही. पण तुमच्या रोखाने लिहिणारे पुढे सगळंच झटकून टाकतात, ते खुपतं. आमच्या पिढीने आर्यभट हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते १९७५च्या उपग्रहामुळे. वर्गात होता फक्त कोपर्निकस. इ.स. ४९९मध्ये आर्यभट लिहितो की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० आवर्तनं, हा त्याचा आकडा. त्यावरून एका आवर्तनाला २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद येतात. आजचं मापही तेच. यात कुठलं योजन निवडलं सांगा!

शिक्षिका, फोंडा
हा आकडा मी फळ्यावर आनंदाने लिहीन. पण पुढचंही लिहीन. वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरते तर आकाशात उडालेली घार घरट्यात परत कशी येते? ब्रह्मगुप्तानेही विरोध केला. दोघेही मोठे ज्योतिर्विद, दोघेही संस्कृतातच लिहिणारे. त्या वादात जी धग आहे ती पाहुण्यांच्या भाषणात कुठे होती? शिवाय आर्यभटाची पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण ग्रहगणिताच्या मध्यभागी तीच आहे. कोपर्निकसने १५४३मध्ये मांडलं ते वेगळं. आपण रोज वापरतो तो 'केंद्र' शब्दसुद्धा ग्रीकातून आला. घेतलं, तपासलं, पुढे नेलं. यात कमीपणा कसला?

संस्कृतप्रेमी, म्हापसा
शब्द घेतला म्हणून निरीक्षणही उसनं ठरत नाही. ग्रीकांचं नाव निघालं की आपल्या लोकांनी आकाशाकडे पाहिलंच नाही असा सूर लागतो, त्याचा मला राग आहे.

निवृत्त सर्वेक्षक, सांगे
बाई, दादा, मी जन्मभर दिशा मोजल्या म्हणून मध्ये बोलतो. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिकांच्या तारकापुंजाविषयी वाक्य आहे: 'एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते', या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज आपल्या गोव्यातून पाहा, कृत्तिका ठीक पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे उगवण्याची जागा सरकते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या मराठी ग्रंथात याच वाक्यावरून इ.स.पूर्व ३०००चा सुमार काढला. तो काळ ग्रंथाचा की ग्रंथात उतरलेल्या जुन्या आठवणीचा, यावर वाद आहे आणि माझं मत आठवणीच्या बाजूने. पण कोणीतरी पूर्वेकडे तोंड करून पाहिलं होतं, एवढं मला पटतं. मकरसंक्रांतीचंही तेच: उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला, कारण राशी ताऱ्यांना बांधल्या आहेत आणि ऋतू सूर्याला.

शिक्षिका, फोंडा
काका, हेच मला हवं होतं. व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास कृत्तिका संध्याकाळीच उगवतात. मुलांना सड्यावर नेते. पूर्वेला सह्याद्री आडवा येतो, तेव्हा जरा वर आल्यावरच दिसतील. होकायंत्र आणि कोनमापक घेऊ.

संस्कृतप्रेमी, म्हापसा
मीही येतो. शतपथातलं वाक्य मुलांना स्वरात म्हणून दाखवीन. मात्र ते निव्वळ आठवण आहे, हे मला मान्य नाही.

निवृत्त सर्वेक्षक, सांगे
मान्य करू नका. कोन मोजायचं माझं जुनं यंत्र, थिओडोलाइट, आणतो. डोंगराची उंची वजा करायला लागेल.