चार तासांच्या मॅरेथॉनसाठी रोजचा सराव लक्ष्यवेगानेच करावा का?

पाचचा_गजर

नमस्कार. माझे वय 41 आहे, नोकरी दिवसभर बसून करण्याची आहे आणि गेली साडेतीन वर्षे मी नियमित धावत आहे. अर्धमॅरेथॉनची (21.1 किलोमीटर) माझी वेळ 2 तास 9 मिनिटांवरून आधी 1 तास 57 मिनिटांवर आणि मग 1 तास 52 मिनिटांवर आली. त्यानंतरच्या दोन्ही शर्यतींत मात्र ती तेथेच अडकून राहिली आहे. पूर्ण मॅरेथॉन (42.2 किलोमीटर) मी आजवर एकदाच, 1:57 च्या त्या काळात, धावलो. पहिले 30 किलोमीटर 5:40 च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटे 40 सेकंद) अगदी ठरल्याप्रमाणे गेले, पुढे मांड्या दगडासारख्या झाल्या आणि एकूण 4 तास 21 मिनिटे लागली.

आता अठरा आठवड्यांनी दुसरी मॅरेथॉन आहे आणि लक्ष्य 4 तासांचे आहे, म्हणजे किलोमीटरला सरासरी 5 मिनिटे 41 सेकंद. हा वेग अंगवळणी पडावा म्हणून मी रोजचा सगळा सराव 5:40 नेच करतो: मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार प्रत्येकी 8 किलोमीटर व रविवारी 16, असे आठवड्याचे 48 किलोमीटर होतात. घड्याळानुसार हृदयगती बहुधा 155 ते 160 असते. मध्यंतरी बुधवारी 400 मीटरचे आठ इंटरव्हल (मध्ये थोडी उसंत घेत वेगाने धावायच्या छोट्या फेऱ्या) सुरू केले होते, प्रत्येक फेरी साधारण 1 मिनिट 42 सेकंदांत. पण चौथ्या आठवड्यात डाव्या टाचेच्या वरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) सकाळी उठल्यावर ताठ राहू लागली, म्हणून ते थांबवले.

कामाच्या दिवशी मला सर्व मिळून 75 मिनिटेच मिळतात. या परिस्थितीत धावण्याचा सहावा दिवस वाढवावा, इंटरव्हल पुन्हा सुरू करावेत, की मुळात माझ्या पद्धतीतच काही चुकते आहे?

मंदगती

चूक तुमच्या पद्धतीत आहे, आणि ती तुमच्या मेहनतीपोटी झालेली असल्याने सहज दिसत नाही. पाठांतर करताना तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली की ती पाठ होते. धावण्याचे तसे नाही. मॅरेथॉनचा वेग हा सरावाने पाठ होणारा वेग नसून शरीरात झालेल्या काही बदलांचा परिणाम असतो, आणि ते बदल घडवण्यासाठी त्याच वेगाने धावण्याची गरज नसते.

तुमचेच आकडे घेऊ. 1 तास 52 मिनिटांची अर्धमॅरेथॉन म्हणजे किलोमीटरला साधारण 5:18. रोजचा सराव 5:40 ने, म्हणजे तुम्ही शर्यतीतील वेगापेक्षा जेमतेम 22 सेकंद सावकाश धावता. पीट रीगेल या अमेरिकन अभियंत्याने 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात अंतरांच्या गुणोत्तराचा 1.06 वा घात घेऊन एका शर्यतीच्या वेळेवरून दुसरीचा अंदाज बांधला जातो. त्या हिशेबाने तुमची मॅरेथॉन आजच सुमारे 3 तास 53 मिनिटांची, म्हणजे 5:32 च्या आसपासची, निघते. याचा अर्थ तुम्ही आठवड्यातून पाच दिवस जवळजवळ मॅरेथॉनच्याच वेगाने धावता. त्या वेगाने स्नायूंवर आणि कंडरांवर येणारा भार दुसऱ्या दिवसापर्यंत पुरता उतरत नाही, आणि दुसरीकडे तो वेग खऱ्या अर्थाने कठीणही नसतो. कष्ट कठीण सरावाचे आणि लाभ मध्यम, असा हा व्यवहार आहे.

सावकाश धावण्याने स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील मायटोकाँड्रियांची (ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांची) संख्या आणि क्षमता वाढते आणि इंधन म्हणून चरबी वापरण्याचे प्रमाण सुधारते. हे बदल धावण्याच्या एकूण मिनिटांवर फार अवलंबून असतात. धावण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे 1 किलोकॅलरी लागते आणि स्नायू व यकृत मिळून साठवलेले ग्लायकोजेन (कर्बोदकांचा शरीरातील साठा) साधारण 2000 किलोकॅलरींच्या आसपास असते. 70 किलोच्या धावपटूला मॅरेथॉनसाठी 2900 हून अधिक किलोकॅलरी लागतील, म्हणजे उरलेला वाटा चरबीतून आणि शर्यतीत पोटात जाणाऱ्या कर्बोदकांतून यायला हवा. तुमच्या मांड्या 30 किलोमीटरनंतर दगड का झाल्या, याचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे असे, की स्नायूंना तेवढा वेळ पावलांचे धक्के सहन करण्याची सवयच नव्हती.

स्टीफन सायलर या नॉर्वेमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञाने अव्वल सहनशक्ती-खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे 80 टक्के सत्रे कमी तीव्रतेची आढळली. ही टक्केवारी किलोमीटरची नसून सत्रांची आहे, हे बरेच जण विसरतात. तुमच्या बाबतीत पाचपैकी चार दिवस 6:30 ते 6:50 ने, सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल असे, धावावे. या दिवशी घड्याळावरील किलोमीटर न मोजता मिनिटे मोजा. 65 मिनिटे 6:30 ने धावलात, तर 10 किलोमीटर होतात आणि तुमची 75 मिनिटांची मर्यादाही पाळली जाते. दिवस न वाढवता आठवड्याला आठ किलोमीटर वाढले, तेही कमी थकव्याने.

ट्रॅकवरचा

वरील उत्तराशी मी निम्माच सहमत आहे. सायलर यांनी पाहिलेले खेळाडू आठवड्याला दहा-बारा तास आणि त्याहून अधिक सराव करणारे होते. त्यांना सावकाश धावल्याशिवाय गत्यंतरच नसते. आठवड्याला साडेचार तास धावणाऱ्याने ते प्रमाण जसेच्या तसे उचलले आणि उरलेला एक दिवसही संकोचून धावला, तर तो थकणार नाही हे खरे, पण वेगवानही होणार नाही. सावकाश दिवसांचा उपयोग एवढाच धरा, की कठीण दिवस खरोखर कठीण व्हावा.

तुमच्या इंटरव्हलचा हिशेब पाहा. 400 मीटर 1:42 मध्ये म्हणजे किलोमीटरला 4:15. रीगेलच्याच सूत्राने तुमचा 5 किलोमीटर शर्यतीचा पेस साधारण 4:52 येतो, म्हणजे 400 मीटरला 1:57. तुम्ही प्रत्येक फेरी पंधरा सेकंद अधिक वेगाने धावत होता! त्या वेगात पाय चवड्यावर जास्त पडतो आणि पोटरी व अकिलीस कंडरा (टाचेमागची तीच कंडरा) यांच्यावर ताण एकदम वाढतो. तुमची टाच इंटरव्हलने नव्हे, इंटरव्हलच्या वेगाने दुखावली, असे मला वाटते. (ट्रॅकवर पहिल्यांदा आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. मीही केले आहे, आणि माझी पोटरी अजून त्याची आठवण ठेवून आहे.)

सध्या तुम्हाला 400 मीटरच्या फेऱ्यांपेक्षा थ्रेशोल्ड सरावाची गरज आहे. सुमारे एक तासाच्या शर्यतीत जो वेग कसाबसा टिकवता येईल तो थ्रेशोल्ड वेग. तुमच्यासाठी तो 5:10 च्या आसपास असावा. बुधवारी पंधरा मिनिटे सावकाश धावून अंग गरम करा, मग आठ मिनिटांचे तीन तुकडे 5:10 ने धावा, दोन तुकड्यांमध्ये दोन-दोन मिनिटे अगदी हळू जॉग करा आणि शेवटी दहा मिनिटे सावकाश. एकूण 53 मिनिटे होतात. तिसरा तुकडा संपताना आणखी एखादा करता आला असता असे वाटले, तर वेग बरोबर आहे. काही आठवड्यांनी तुकडे बारा-बारा मिनिटांचे दोन करा, पुढे पंधरा मिनिटांचे दोन.

आणि रविवारचे 16 किलोमीटर मॅरेथॉनसाठी अपुरे आहेत. दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवत जा, प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर पुन्हा खाली आणा आणि 26 ते 28 किलोमीटर किंवा तीन तास, यांपैकी जे आधी येईल तेथे थांबा. तुमचा आवडता 5:40 याच धावेत वापरा: शेवटच्या दोन महिन्यांत दोन रविवारांतून एकदा अखेरचे 6 ते 10 किलोमीटर त्या पेसने करा. थकलेल्या पायांनी तो वेग धरता येणे हीच मॅरेथॉनची खरी तालीम आहे. मंगळवारी सकाळी ताज्या पायांनी तो धरण्यात काही विशेष नाही.

नोकरी सांभाळून धावणाऱ्यांनी जपानच्या युकी कावाउची यांच्याकडे पाहावे. ते पूर्णवेळ सरकारी कर्मचारी असताना व्यावसायिक धावपटूंसारखा दिवसातून दोनदा सराव करत नसत, आणि तरीही 2018 मध्ये थंडी, पाऊस व समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्यांनी बोस्टन मॅरेथॉन 2:15:58 मध्ये जिंकली. तेव्हा सहावा दिवस सध्या विसरा.

पाचचा_गजर

दोघांचेही मनापासून आभार. गेले दहा दिवस सावकाश धावण्याचा प्रयत्न केला आणि कबूल करतो, की तो अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. 6:40 ने धावताना आपण धावतच नाही असे वाटत राहते, आणि जे लोक पूर्वी माझ्या मागे असत ते शेजारून निघून जातात, हे मनाला लागते. त्यातून काही शंका निर्माण झाल्या आहेत.

माझ्या मार्गात दोन चढ आहेत. त्यांवर कितीही हळू धावलो तरी श्वास वाढतो आणि बोलणे तुटते. अशा वेळी चालावे का? दुसरे म्हणजे, अगदी आरामात धावत असतानाही पहिली दहा मिनिटे घड्याळ हृदयगती 172 दाखवते आणि नंतर ती अचानक 138 वर उतरते, हे धोक्याचे आहे का? टाच सकाळी पहिली काही पावले अजूनही ताठ असते, धावायला लागल्यावर मोकळी होते. शेवटचे, पाच आठवड्यांनी 10 किलोमीटरची एक शर्यत आहे; ती धावावी की टाळावी?

पोटरीवाला

टाचेबद्दल लिहितो, कारण त्या वाटेने मी दोनदा गेलो आहे. सकाळचा ताठरपणा आणि धावायला लागल्यावर मोकळे वाटणे, ही अकिलीस कंडरेच्या तक्रारीची नेहमीची चाल आहे. मोकळे वाटते म्हणून ती बरी झाली असे समजू नका. धावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा वाढला का, एवढे पाहा. वाढला असेल तर कालचा भार जास्त झाला.

संपूर्ण विश्रांतीने कंडरा शांत होते, पण मजबूत होत नाही. स्वीडनमधील शल्यचिकित्सक हॉकन अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायामक्रम आजही उपयोगी ठरतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांवर वर उठावे आणि दुखऱ्या एका पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीखाली सोडावी. असे पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तीन संच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे करावेत. दुखणे कंडरेच्या मध्यभागी, म्हणजे टाचेच्या हाडापासून दोन बोटे वर असेल, तर हा क्रम लागू पडतो. ते थेट हाडाला चिकटते तेथे असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. लंगडावे लागत असेल, सूज असेल किंवा हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर हे सर्व बाजूला ठेवून आधी तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.

घड्याळाबद्दल माझा अंदाज असा, की ते हृदयाचे ठोके न मोजता तुमची पावले मोजत आहे. मनगटावरचा प्रकाशीय संवेदक, विशेषतः हात थंड असताना, कधीकधी पावलांच्या लयीला पकडतो. त्या दहा मिनिटांतील तुमची मिनिटाला पावले तपासा. तीही 172 च्या आसपास असतील, तर कोडे सुटले. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर घट्ट बांधा किंवा छातीवरचा पट्टा वापरा. मात्र छातीत दुखणे, गरगरणे किंवा नाडी बोटाने मोजल्यावरही तेवढीच लागणे, यांपैकी काही असेल तर घड्याळाला दोष न देता डॉक्टरांकडे जावे. आणि 220 वजा वय हे सूत्र फार मनावर घेऊ नका; त्याने तुमची कमाल गती 179 येते, पण प्रत्यक्षात ती दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे.

मंदगती

चढावर चाला, आणि निःसंकोच चाला. सावकाश दिवसाचा हेतू प्रयत्न कमी ठेवण्याचा आहे, आणि शरीराला चढ कळतो, पेस कळत नाही. पाच-सहा आठवड्यांत तोच चढ त्याच श्वासात धावता येऊ लागेल. लोक पुढे जातात याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर मी काढलेला उपाय असा, की सावकाश दिवशी मार्गच बदलायचा.

थ्रेशोल्ड सरावाबाबत वरील आक्षेप मला मान्य आहे, बुधवार तसाच ठेवा. फक्त टाच सकाळी पूर्वीपेक्षा जास्त ताठ असेल, त्या आठवड्यात तो दिवसही सावकाश करा.

10 किलोमीटरची शर्यत जरूर धावा. आदल्या रविवारची लांब धाव 14 किलोमीटरवर आणा आणि त्या आठवड्यातला बुधवारचा सराव गाळा. पहिले तीन किलोमीटर 5:10 पेक्षा वेगाने जाऊ नका, मधले चार 5:05 च्या आसपास ठेवा आणि उरलेल्या तीनमध्ये जे असेल ते द्या. या शर्यतीचा खरा उपयोग लक्ष्य तपासण्यासाठी आहे. सूत्रानुसार 52 मिनिटांच्या 10 किलोमीटरवरून मॅरेथॉन 3 तास 59 मिनिटांची निघते. पण हे सूत्र कमी अंतर धावणाऱ्या हौशी धावपटूंशी फार उदार असते. तुमचेच पाहा, 1:57 वरून ते 4 तास 4 मिनिटे सांगत होते आणि तुम्हाला 4:21 लागली. म्हणून 51 च्या आत आलात तर 4 तासांचे लक्ष्य कायम ठेवा, 51 ते 52 मध्ये आलात तर मॅरेथॉनचे पहिले 10 किलोमीटर 5:50 ने धावायचे असे ठरवा, आणि 52 च्या पुढे गेलात तर या वेळी 4 तास 10 मिनिटांची तयारी करा. शर्यतीनंतर आकडे येथे लिहा, म्हणजे उरलेल्या आठवड्यांचा हिशेब नव्याने मांडता येईल.