इंदूरजवळच्या पीथमपूरच्या छोट्या कारखान्यांनी ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली) आत्ताच घ्यावं का? बोलणारे तिघे: इंदूरच्या सांवेर रोडवरचा कारखानदार, सियागंज बाजारातला घाऊक व्यापारी आणि औषध कंपनीत गुणवत्ता (क्यूए) बघणारा.

सांवेर रोड: माझं मत, घेऊ नये. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो १९८७ मध्येच म्हणाले होते की संगणक सगळीकडे दिसतात, उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाहीत. प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास लागत असेल तर ईआरपी तो दीड तास नोंदवेल, वाचवणार नाही. पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवा, सगळ्या डायांना पॅरलल ब्लॉक (एकसारख्या जाडीचे ठोकळे) लावून शट हाइट, म्हणजे बंद डायची उंची, एकसारखी करा. वेळ तिथे वाचतो.

सियागंज: सोलोंची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. १९९५ नंतर अमेरिकेत उत्पादकता वाढली आणि त्यात घाऊक-किरकोळ व्यापाराचा वाटा मोठा होता. व्यापारात कुठे किती माल पडलाय हे कळणं हेच अर्धं काम. फोनवर ऑर्डर आली की माणूस गोदामात बघायला धावतो, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जातं. साठा स्क्रीनवर आला की ती फेरी बंद. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचा दाखला दिला होता. वाफेचं इंजिन काढून एक मोठी मोटर बसवली, पण त्याची ताकद सगळ्या यंत्रांना पोचवणारे शाफ्ट-पट्टे तेच ठेवले, अशा कारखान्यांना फारसं काही मिळालं नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, मांडणी बदलली, तेव्हा फायदा दिसला. त्यात दशकं गेली.

सांवेर रोड: हा दाखला तर माझ्याच बाजूचा! पट्टे तेच ठेवून मोटर बसवणं आपल्याकडे रोज चाललंय. एक बोल्ट आयटम मास्टरमध्ये (प्रणालीतली मालाची मूळ यादी) तीन नावांनी: ‘बोल्ट एम८×२५’, ‘एम८ बोल्ट २५ मिमी’, ‘८ नंबर बोल्ट’. एकाचा साठा शून्य दिसतो, खरेदी निघते, बाकी दोन रॅकवर पडून. पत्रा किलोत येतो, वापर नगात. १ मिमी जाडीची १२५०×२५०० ची शीट साधारण २४.५ किलोची. कोणी सोयीसाठी २५ भरलं की १०० शीट आल्या तरी संगणक ९८ दाखवतो. वर रात्रपाळीच्या नोंदी सकाळी होतात, साठा उणे जातो, मग ‘उणे साठा चालेल’ हा पर्याय चालू करून टाकतात. तिथून पुढे एकही आकडा विश्वासाचा राहत नाही.

औषध-क्यूए: तुम्ही दोघंही ताशी नग मोजताय. औषधांत माल तयार होऊन क्वारंटाइनमध्ये (मंजुरीपर्यंत वेगळा ठेवलेला) थांबतो, कारण कागदी बॅच रेकॉर्डचं, म्हणजे त्या खेपेच्या उत्पादन-नोंदींचं, पानन् पान तपासून सही व्हायची असते. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्ये ठरलेल्या पद्धतीपासून झालेली विचलनं तेवढी समोर येतात, म्हणून बॅच लवकर सुटते आणि अडकलेलं भांडवल मोकळं होतं. प्रणालीत बदल केला की पुन्हा व्हॅलिडेशन (प्रणाली नीट चालते हे तपासून सिद्ध करणं) आलं, तो खर्च मात्र अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा.

सियागंज: थांबा म्हणणं सोपं आहे. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं जीएसटी बिल) सक्तीचं आहे. तेच बिल एकदा हिशेबात आणि परत पोर्टलवर टाइप करणं ही निव्वळ दुप्पट मजुरी. तेवढं जोडून घ्यायला डाय बदलण्याची वाट कशाला बघायची?

सांवेर रोड: बिलिंग जोडा, हरकत नाही. स्टोअर आणि उत्पादन मात्र नंतर. रोज १० आयटम मोजा, सर्वात जास्त फिरणाऱ्यांपासून सुरुवात करा. चार आठवडे मोजणी आणि नोंद जुळली, तरच ईआरपीचं पुढचं मॉड्यूल (भाग).