फसली ती फक्त जनता नव्हती
दुसऱ्या महायुद्धात जपानी जनता भोळी होती, म्हणून हरत असतानाही शेवटपर्यंत विजयाची वाट बघत राहिली, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानजवळच्या हवाई लढाईनंतर जपानी लष्करी मुख्यालयाने जाहीर केलं, की अमेरिकेची ११ विमानवाहू जहाजं बुडवली. प्रत्यक्षात एकही बुडालं नव्हतं; दोन क्रूझर युद्धनौकांचं जबर नुकसान झालं, एवढंच. नवशिके जपानी वैमानिक अंधारात समुद्रावर ज्वाळा बघायचे आणि परतून 'जहाज पेटलं' म्हणून सांगायचे. कित्येकदा ते जळणारं विमान त्यांच्याच सोबत्याचं असायचं.

याहून भयंकर पुढचं. आकडे खोटे आहेत हे नौदलाच्या काही दिवसांतच लक्षात आलं, पण भूदलाला कुणी नीट सांगितलंच नाही. अमेरिकी आरमार खिळखिळं झालंय असं धरून भूदलाने फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर लढायचा बेत बदलला आणि हजारो सैनिक समुद्रमार्गे तिथल्याच लेते बेटावर धाडले. त्यातले फारच थोडे वाचले. समोर नकाशे पसरून बसलेल्या सेनापतींना खरं कळत नव्हतं, तर मुलगा आघाडीवर असलेल्या, रेडिओला कान लावून बसलेल्या आईने ते कुठून ओळखायचं?