उपभू, अपभू, छायाकल्प : चंद्राच्या वर्षभराच्या तक्त्यात कोणते शब्द घ्यावेत?

प्रश्न :

चंद्राचा २०२७ सालचा एक तक्ता मराठीत करते आहे. दर महिन्याला चंद्र सर्वांत जवळ कधी, सर्वांत लांब कधी, कोणती कला कोणत्या तारखेला, आणि वर्षातली ग्रहणे. तासाभराचं काम वाटलं होतं, पण चौथ्या ओळीतच अडले.

‘उपभू’ आणि ‘अपभू’ हे शब्द शाळेत घोकले होते, पण कोणता जवळचा आणि कोणता लांबचा हे आजही दर वेळी तपासावं लागतं. ‘फर्स्ट क्वार्टर’ला ‘पहिला पाव चंद्र’ लिहिलं. शेजारी चित्र चक्क अर्ध्या चंद्राचं! ‘छायाकल्प’ चंद्रग्रहणातला ‘कल्प’ कळत नाही. आणि ‘सुपरमून’ (चंद्र जवळ असतानाची पौर्णिमा) तसाच ठेवावा की त्याला मराठी शब्द द्यावा?

उत्तर :

पहिल्या जोडीपुरतं सांगतो. ‘उप’ म्हणजे जवळ (उपनगर, उपस्थित) आणि ‘अप’ म्हणजे दूर (अपहरण, अपसरण). उपनगर शहराला लागून असतं आणि अपहरणात माणूस लांब नेतात, एवढं लक्षात ठेवलं की पुन्हा चूक होत नाही. ‘भू’ म्हणजे अर्थातच पृथ्वी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तिथे हीच जोडी ‘उपसूर्य’ आणि ‘अपसूर्य’ अशी होते.

आकडे घालणार असाल तर सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. उपभू साधारण ३,५६,००० ते ३,७०,००० किलोमीटरच्या दरम्यान हलत राहतो, अपभू ४,०४,००० ते ४,०७,०००च्या दरम्यान. म्हणजे ‘उपभू’ हे ठरलेलं अंतर नाही, त्या फेरीतला सर्वांत जवळचा बिंदू आहे. तक्त्यात तेरा-चौदा वेळा उपभू येईल आणि दर वेळी आकडा वेगळा असेल. वाचक ते छपाईची चूक समजतात, म्हणून खाली एक ओळ टाकाच.

आणखी एक उत्तर :

उपभू-अपभू हे घडवलेले पारिभाषिक शब्द आहेत. त्याआधीपासून पंचांगगणितात एक फार नेमका शब्द आहे, मंदोच्च. ‘उच्च’ म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत उंच आणि ‘मंद’ म्हणजे जिथे चाल मंदावते ते. चंद्र लांब असतो तेव्हा हळू चालतो, ही गोष्ट नावातच बसवलेली आहे. अपभूजवळ चंद्र दिवसाला बारा अंशांहूनही थोडा कमी सरकतो, उपभूजवळ पंधरा अंशांच्या आसपास. ‘अपभू’ या शब्दातून फक्त अंतर कळतं, ‘मंदोच्च’मधून अंतर आणि गती दोन्ही.

तरी तक्त्यात ‘मंदोच्च’ घालू नका. ‘उच्चीचा’ आणि ‘नीचीचा’ ग्रह हे शब्द लोकांच्या कानावर कुंडलीमुळे बसले आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ राशीशी आहे, अंतराशी नाही. गोंधळ हमखास होणार.

पण ही मंद-शीघ्र चाल तक्त्यात दुसरीकडे दिसते, आणि ती जागा फार थोड्यांच्या लक्षात येते. तिथी. तिथी म्हणजे दिवस नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंशात्मक अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्र वेगात असेल तर हे बारा अंश वीसेक तासांत कापले जातात, रेंगाळत असेल तर सव्वीस तासांच्या वर लागतात. छोटी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली की आपण म्हणतो तिथीचा क्षय झाला. लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना पुरली की वृद्धी. क्षय-वृद्धीचं मुख्य कारण म्हणजे चंद्राचं बदलतं अंतर आणि त्यापायी बदलणारी चाल. ‘या पंधरवड्यात चतुर्थीचा क्षय’ असं वाचणारा माणूस नकळत चंद्राच्या लंबवर्तुळाबद्दलच वाचत असतो.

प्रश्नकर्ती :

हे माहीत नव्हतं. मग कलांच्या रकान्यात सरळ तिथ्याच लिहू का? ‘पाव चंद्रा’चं काय करू?

उत्तर :

पाव चंद्र काढून टाका. इंग्रजीतला तो ‘क्वार्टर’ प्रकाशित भागाचा नाहीच, महिन्याच्या फेरीचा आहे. अमावास्येपासून फेरीचा पाव हिस्सा झाला की बिंब अर्धं उजळलेलं दिसतं. ‘प्रथम चतुर्थांश’ लिहिलंत तरी वाचक बिंबाचा चौथा भागच समजणार, आणि घाईत वाचणारा तर ‘चतुर्थी’ वाचेल.

मराठीत आकाराला तिथीचं नाव द्यायची सवय आधीपासूनच आहे. बीजेची कोर, अष्टमीचा चंद्र. आणि अष्टमी इथे गंमत म्हणजे अंशालाही बरोबर बसते : सात तिथ्या संपल्या की ८४ अंश, अष्टमी संपते ९६ अंशांवर, आणि अर्धा चंद्र होतो ९० अंशांवर. अष्टमीच्या ऐन मध्यावर. तेव्हा ‘शुक्ल अष्टमी, अर्धचंद्र’ आणि ‘कृष्ण अष्टमी, अर्धचंद्र’.

पौर्णिमेच्या बाबतीत मात्र जपा. तुमच्या मूळ तक्त्यात ‘फुल मून’ची वेळ मिनिटांपर्यंत दिलेली असेल. तो क्षण म्हणजे पौर्णिमा तिथीची सुरुवात नाही, मध्यही नाही, शेवट. पौर्णिमा १६८ अंशांना लागते आणि बरोबर १८० अंशांना संपते. अमावास्येचंही तेच, ३६० अंशांना संपते. म्हणून तिथे ‘पौर्णिमा समाप्ती’ असा रकाना असला तर पंचांग वाचणारा आणि खगोल वाचणारा दोघेही भांडणार नाहीत. चंद्रग्रहणाचा मध्य याच क्षणाच्या आसपास येतो, त्यामुळे ग्रहण लागतं पौर्णिमेत आणि सुटतं प्रतिपदेत.

आणि हो, ‘अमावास्या’ असं लिहा. ‘अमा’ म्हणजे सोबत आणि ‘वस्’ म्हणजे राहणं, सूर्य-चंद्र एकत्र राहतात ती. ‘अमावास्येला चंद्र नसतो’ असं लिहिणाऱ्यांना हा शब्दच उत्तर देतो. चंद्र असतो, सूर्याच्या घरी असतो.

एक शंका :

‘कला’ शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही. एका लेखात ‘चंद्रबिंब एकतीस कलांचे’ असं वाचलं. चंद्राच्या कला तर सोळा ना?

उत्तर :

दोन्ही बरोबर, कला वेगळ्या. सोळा कला म्हणजे बिंबाचे सोळा भाग, वाढणारे आणि घटणारे. दुसरी ‘कला’ हे कोनाचं माप : एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. चंद्राचं बिंब जवळ असताना साडेतेहेतीस कलांचं दिसतं आणि अगदी लांब असताना साडेएकोणतीस कलांहूनही किंचित लहान. म्हणजे ‘पौर्णिमेचा चंद्र बत्तीस कलांचा’ हे वाक्य कवीनेही लिहिलेलं असू शकतं आणि गणितज्ञानेही. शहानिशा करूनच वाचावं.

तक्त्यात दोन्ही अर्थ येणार असतील तर मापाला ‘कोनीय कला’ म्हणा. थोडं जड आहे, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

‘सुपरमून’बद्दल :

माझं मत सांगतो, ते पटणार नाही कदाचित. ‘महाचंद्र’ मला अजिबात आवडत नाही. ‘महा’ लावला की डोळ्यांसमोर काहीतरी प्रचंड येतं, आणि माणूस गच्चीवर जाऊन हिरमुसतो. ‘सुपरमून’ हा शब्दच मुळात खगोलशास्त्राचा नाही. रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषाने तो १९७९मध्ये काढला. फरक किती, तर सर्वांत लांबच्या पौर्णिमेशी तुलना केली तर व्यासात १४ टक्के. दोन्ही चंद्र शेजारीशेजारी ठेवता आले असते तर दिसला असता. पण ते येतात सहा-सात महिन्यांच्या अंतराने, आणि डोळ्याला सहा महिन्यांपूर्वीचं माप आठवत नाही. क्षितिजावर चंद्र मोठा वाटतो तो भास निराळाच, त्याचा अंतराशी संबंध नाही. हात लांब करून करंगळी धरा. चंद्र उगवताना तिच्याआड जातो, आणि माथ्यावर आल्यावरही तितक्याच सहज जातो.

‘उपभू पौर्णिमा’ लिहा. काय घडतं आहे ते सांगणारा शब्द आहे, फुगवणारा नाही. समोर ‘अपभू पौर्णिमा’ आपोआप मिळते. इंग्रजीत त्यासाठी ‘मायक्रोमून’ असा आणखी एक शब्द काढावा लागला. या पौर्णिमा दर वर्षी त्याच महिन्यात येत नाहीत हेही कळू द्या. उपभू ते उपभू साडेसत्तावीस दिवस, पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस. दोन्ही पुन्हा जुळायला चौदा पौर्णिमा, म्हणजे ४१३ दिवस लागतात.

दुसरं मत :

पटलं, पण शीर्षकात ‘सुपरमून’ राहू द्या. लोक तोच शब्द शोधतात. आत एकदा ‘सुपरमून, म्हणजे उपभू पौर्णिमा’ असं लिहिलं की झालं. शब्दाने वाचकाला दारातच अडवू नये.

छायाकल्प आणि खग्रास :

आता माझ्या आवडीचे दोन शब्द.

‘छायाकल्प’मधला ‘कल्प’ म्हणजे युगांचा कल्प नाही आणि कल्पनेतलाही नाही. संस्कृतात ‘कल्प’ हा प्रत्यय ‘जवळजवळ तसा, पण पुरता नाही’ या अर्थी लागतो. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा. तसं छायाकल्प म्हणजे जवळजवळ सावली. पृथ्वीच्या सावलीचे दोन भाग असतात, आतली दाट प्रच्छाया आणि बाहेरची विरळ उपच्छाया. चंद्र नुसत्या उपच्छायेतून गेला तर बिंब किंचित मळकट होतं, कडेला कुठेही काळा घास दिसत नाही. ‘आज ग्रहण आहे’ ऐकून बाहेर आलेला माणूस ‘कुठे आहे?’ विचारत आत जातो. ‘मांद्य ग्रहण’ असंही कुणी लिहितात. तेही चालेल, पण ‘छायाकल्प’मधला नेमकेपणा त्यात नाही.

२०२७चा तक्ता या शब्दाशिवाय होणारच नाही, कारण त्या वर्षातली तिन्ही चंद्रग्रहणे छायाकल्प आहेत : २०-२१ फेब्रुवारी, १८ जुलै, १७ ऑगस्ट. त्यातलं जुलैचं तर उपच्छायेला जेमतेम चाटून जाणारं, काही मिनिटांचं. ते ‘छायाकल्पकल्प’ म्हणायला हवं!

‘खग्रास’मधला ‘ख’ म्हणजे आकाश, खगोलातला आणि खगातला. ग्रास म्हणजे घास. बहुतेकांना वाटतं की आकाशाने चंद्र गिळला. तसं नाही. जुन्या गणितात छायेने बिंबाचा किती घास घेतला ते मोजतात. घास बिंबाच्या व्यासापेक्षा मोठा निघाला तर बिंब संपूनही घास उरतो, आणि तो उरलेला घास आकाशाचा असतो. तो ख-ग्रास. आजही ग्रासमान असंच देतात. ७ सप्टेंबर २०२५च्या चंद्रग्रहणाचं ग्रासमान १.३६, म्हणजे एक अख्खं बिंब आणि वर ०.३६ आकाश. ३ मार्च २०२६चं १.१५. आणि २८ ऑगस्ट २०२६चं ०.९३. तिथे आकाशाच्या वाट्याला काहीच आलं नाही, म्हणून ते खंडग्रास.

सूर्यग्रहणात तिसरा प्रकार येतो तो केवळ अंतरामुळे. चंद्र अपभूजवळ असेल तर त्याचं बिंब सूर्याला झाकायला पुरत नाही, भोवती कडं उरतं : कंकणाकृती. २०२७मध्ये एकाच वर्षात दोन्ही आहेत. ६ फेब्रुवारीला चिली-अर्जेंटिनाकडे कंकणाकृती, तेव्हा चंद्र नुकताच अपभूवरून निघालेला. २ ऑगस्टला तो जवळजवळ उपभूवरच, आणि म्हणून इजिप्तमध्ये लुक्सोरच्या परिसरात खग्रास स्थिती सहा मिनिटांच्या वर टिकणार. या दोन ओळी तुमच्या अंतराच्या रकान्यासमोर ठेवल्यात तर उपभू-अपभू समजावायला वेगळं काही लिहावं लागणार नाही.

एक छोटी शंका :

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हे एका शब्दात सांगता येतं का?

उत्तर :

येतं. शर. शर म्हणजे बाण. चंद्र सूर्यमार्गाच्या किती वर किंवा खाली आहे तो कोन. चंद्राची कक्षा पाच अंशांहून थोडी जास्त कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना शर मोठा असतो आणि चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. शर शून्य होतो त्या दोन जागा म्हणजे पात, त्यांचीच नावं राहू आणि केतू. सूर्य पातांजवळ येतो तेव्हा ग्रहणांचा हंगाम, सुमारे १७३ दिवसांनी एकदा. हंगामात निदान दोन ग्रहणे, क्वचित तीन. २०२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये तीन आहेत.

प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे आभार. ऑगस्टची ओळ अशी केली आहे, बघा :

‘२ ऑगस्ट : अमावास्या समाप्ती. चंद्र उपभूजवळ. खग्रास सूर्यग्रहण होईल. १७ ऑगस्ट : पौर्णिमा समाप्ती. छायाकल्प चंद्रग्रहण होईल.’

उत्तर :

छान. फक्त ‘होईल’ काढा. ग्रहण लागतं आणि सुटतं. आणि जागा असेल तर वेळांच्या रकान्यांना ‘स्पर्श, मध्य, मोक्ष’ अशी नावं द्या. खग्रासाला त्यांच्या मध्ये ‘संमीलन’ आणि ‘उन्मीलन’ही येतात. खग्रास स्थिती सुरू होणं आणि संपणं; शब्दशः डोळा मिटणं आणि उघडणं.