सिंड्रेला बदलली म्हणून काय बिघडलं?

वाचनवेडी, कोथरूड
भाची चौदा वर्षांची. तिला अप्पा बळवंत चौकातून सिंड्रेलाची नव्याने लिहिलेली कादंबरी आणून दिली. त्यात सिंड्रेला राजपुत्राला नकार देते. दोन रात्रींत फडशा! घरी आलेले काका मात्र पुस्तक चाळून म्हणाले, "मूळ गोष्टीची पार वाट लावलीय."

मूळ कुठली पण? शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये लिहिली, त्यात काचेचा बूट आहे आणि सिंड्रेला शेवटी बहिणींना माफ करून त्यांची लग्नंही लावून देते. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत बूट सोन्याचा. तो पायात बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच. प्रत्येकाने आपल्या काळाप्रमाणे सांगितली, मग आजच्यांनीच का सांगू नये?

पेठेतला आजोबा
ताई, सांगावी. माझा राग वेगळ्यावर आहे. हल्लीच्या या पुस्तकांत चेटकीण दुष्ट नसतेच, तिचं बालपण वाईट गेलेलं असतं. या वयात मुलांना खरोखरची वाईट माणसं भेटू लागतात. वाईटाला वाईट म्हणणारी गोष्ट त्यांना तेव्हाच हवी असते.

दुसरं, मूळ ठाऊक नसेल तर बदल कळणार कसा? शनिवारी सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगतो. आठवीच्या मुलांना म्हटलं, चिमणी-कावळ्याची गोष्ट कावळ्याच्या बाजूने लिहा. चौघांना गोष्टच माहीत नव्हती! शेणाचं घर, मेणाचं घर, "थांब, माझ्या बाळाला तीट लावते", सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तापल्या तव्यावर कावळा भाजतो म्हटल्यावर एक मुलगी चिडली, "पावसात घर वाहून गेलं त्याचं, वर त्यालाच चटका?" मग तिने जे लिहिलं ते फार सुंदर होतं, हे कबूल करतो. पण ती चिडली, कारण आधी तिने मूळ गोष्ट ऐकली.

नावडतीची लेक
आजोबांशी सहमत. आणि मला वाईट वाटतं ते हे, की पुण्यातली मराठी घरातली मुलंसुद्धा हे सगळं इंग्रजीतून वाचतात. आपल्या कहाण्यांमध्ये आटपाट नगर आहे, आवडती आणि नावडती राणी आहे. नावडतीला गुरांच्या गोठ्यात ठेवतात, ती तिथे काय विचार करत असेल? पंधरा वर्षांच्या मुलीसाठी हे मराठीत कुणीतरी लिहा ना! मी रांग लावून घेईन.

वाचनवेडी, कोथरूड
आजोबा, मूळ आधी सांगायला हवी, हे पटलं. पुढच्या शनिवारी भाचीला पाठवते तुमच्याकडे. चेटकिणीचं मात्र नाही पटत.

हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी ग्रिमांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या मुलं सावत्र आई म्हणजे विषारी सफरचंद एवढंच ऐकत आली. माझी वहिनी भाचीची सख्खी आई नाही. भाची सहा वर्षांची असताना ती घरात आली आणि पहिल्याच गणपतीत शेजारच्या मुलीने भाचीला विचारलं होतं, "ती तुला उपाशी ठेवते का गं?" वहिनी तेव्हा मोदक वळत होती. तिने ते ऐकलं.

आणलेल्या कादंबरीत सावत्र आईला स्वतःचं नाव आहे, तिच्या तोंडी एक अख्खं प्रकरण आहे. भाचीने वाचून झाल्यावर पुस्तक परत दिलं नाही, वहिनीच्या उशाशी ठेवलं. वहिनी रोज झोपताना चार-पाच पानं वाचते.